गाडी जागची हलली नाही, मग गुन्हा कसला?

परळचा_पोरगा: शनिवारी लोअर परळला मित्राचा वाढदिवस. तीन पेग झाले, शेवटची लोकल गेलेली, टॅक्सीवाले ठाण्याचं नाव काढताच पुढे सटकत होते, आणि रिक्षा तर इकडे येतच नाहीत. म्हणून पार्क केलेल्या गाडीत बसलो, एसीसाठी इंजिन चालू केलं आणि सीट मागे पाडून झोपलो. काचेवर टकटक. साहेबांनी फुंकायला लावलं नाही, पण इंजिन बंद करून मागे जाऊन झोपायला सांगितलं, वर केस होऊ शकते असा दमही दिला. न चालवणाऱ्यावर केस?

माहीमकर७२: मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ नीट वाच. चालवणारा किंवा 'चालवण्याचा प्रयत्न करणारा'. इंजिन चालू, तू स्टिअरिंगसमोर. बाहेरच्याला काय कळणार एसी की गिअर? मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, तीन पेगांत ती कधीच गेली. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

काळा_कोट: एसी लावून घोरणं हा प्रयत्न नव्हे. त्याच कायद्यात कलम १२६ आहे, उभ्या गाडीबद्दलचं. तिथे गाडी 'चालवणारा किंवा ताब्यात असलेला' असे दोन्ही शब्द आहेत. १८५ मध्ये 'ताब्यात असलेला' नाही. म्हणजे तो शब्द माहीत होता, तरी घातला नाही. इंग्लंडमध्ये घातलाय. तिथे उभ्या गाडीचा ताबा असणं हाही वेगळा गुन्हा, आणि गाडी चालवण्याची शक्यताच नव्हती हे आरोपीने पटवून द्यायचं.

माहीमकर७२: मग इथेही घाला! कोणी चिरडला गेल्यावर 'प्रयत्न' सिद्ध करत बसायचं का?

काळा_कोट: घातलात तर गाडीत झोपणाऱ्याला दंड, आणि झिंगत घरी पोचला तो सुटला. मग झोपेल कोण?

मुलुंडची_ताई: कलमं राहू द्या. झोप झाली की दारू उतरली, हा भ्रम आहे. यकृत आपल्याच चालीने काम करतं, त्याला ना झोपेने घाई होते ना कॉफीने. पहाटे डोकं हलकं वाटतं आणि रस्ते मोकळे दिसतात, तिथेच घात होतो. शिवाय बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून झोपू नका रे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. परळच्या पोरा, तू निघालास किती वाजता?

परळचा_पोरगा: साडेचारला.

मुलुंडची_ताई: टॅक्सीने?

परळचा_पोरगा: ... नाही. फ्रेश वाटत होतं.

माहीमकर७२: घ्या!

काळा_कोट: अहो, हे इथे लिहायचं नसतं.