लहान काउंटीचं मध्यक उत्पन्न वर्षानुवर्षं मोजायचं, तर कोणत्या आकड्यावर?

मूळ मुद्दा

अमेरिकेतल्या आठ-दहा हजार वस्तीच्या काउंटीत (राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घरटी मध्यक उत्पन्न, म्हणजे निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा, कसं बदलत गेलं हे दाखवायचं असेल, तर माझ्या मते सेन्सस ब्युरोची एसएआयपीई ही मॉडेलवर आधारित वार्षिक अंदाजांची मालिकाच घ्यावी. एसीएस या ब्युरोच्या मोठ्या घरोघरच्या सर्वेक्षणाचा एका वर्षाचा नेहमीचा आकडा किमान ६५,००० लोकसंख्या असेल तरच प्रसिद्ध होतो. इतक्या लहान काउंटीला पाच वर्षांचे नमुने एकत्र करून काढलेला आकडाच मिळतो. आता २०१७–२१ आणि २०१८–२२ शेजारी ठेवा. मधली चार वर्षं दोन्हींत तीच आहेत, म्हणजे फरक पडतो तो फक्त २०२२ आत आल्यामुळे आणि २०१७ बाहेर गेल्यामुळे. एखादं वाईट वर्ष मागून गळलं तरी रेघ वर चढते, आणि बातमी होते की यंदा उत्पन्न वाढलं! एसएआयपीई प्रत्येक वर्षाचा वेगळा अंदाज देते. फक्त मालिका २००५ पासून घ्या. त्याआधी ती सीपीएस या दुसऱ्या, लहान सर्वेक्षणावर बेतलेली होती, त्यामुळे २००४ आणि २००५ मध्ये सांधा आहे, ते आकडे थेट ताडता येत नाहीत.

प्रतिसाद १

साफ असहमत. एसएआयपीईमध्ये एसीएसचा थेट अंदाज आणि प्रतिगमनातून, म्हणजे करविवरणपत्रांसारख्या नोंदींवरून बांधलेल्या मॉडेलमधून, आलेला अंदाज यांचा मेळ घालतात, आणि ज्याची अनिश्चितता कमी त्याला जास्त वजन देतात. लहान काउंटीत नमुना तोकडा, म्हणून वजन मॉडेलकडे झुकतं. म्हणजे तुम्ही बघताय ती हालचाल मुख्यतः करविवरणपत्रांतली आहे. शेतीच्या काउंटीत तर हे फारच खटकतं. यंत्रांचा घसारा एकदम वजा केला की करपत्रकात शेतकऱ्याचा तोटा दिसतो, पण घर नीट चाललेलं असतं. उलट, फक्त सोशल सिक्युरिटीवर जगणारे बरेच वृद्ध विवरणपत्र भरतच नाहीत.

त्यापेक्षा एसीएसचेच एकमेकांवर न चढणारे पाच-पाच वर्षांचे कालखंड घ्या आणि हिशोब पूर्ण करा. समजा २०१०–१४ ला ४४,२०० डॉलर, अधिक-उणे (नमुन्यामुळे संभवणाऱ्या चुकीची मर्यादा) ३,८००, आणि २०१५–१९ ला ४९,०००, अधिक-उणे ४,१००. वरवर वाढ ४,८०० ची. पण पहिला आकडा २०१४ च्या डॉलरमध्ये आहे. तो २०१९ वर आणायला साधारण १.०८ ने गुणा, आणि अधिक-उणेलाही गुणा (हेच लोक विसरतात). झाले सुमारे ४७,७००, अधिक-उणे ४,१००. वाढ उरली १,३००. अधिक-उणे ९० टक्के खात्रीच्या पातळीचं असतं, आणि त्या पातळीला ते प्रमाण त्रुटीच्या १.६४५ पट असतं, म्हणून १.६४५ ने भागा. दोन्हींची प्रमाण त्रुटी २,५०० च्या आसपास येते. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ३,५००. १,३०० भागिले ३,५०० म्हणजे ०.३७. हा भागाकार १.६४५ ओलांडल्याशिवाय 'वाढलं' म्हणता येत नाही. या काउंटीबद्दल प्रामाणिक उत्तर एकच: बदल सिद्ध होत नाही.

मूळ मुद्दा मांडणारा

हिशोब बिनचूक आहे, पण त्यात काय हरवलं तेही पाहा. नॉर्थ डकोटाच्या बाकेन तेलपट्ट्यात २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले. तुमचा पहिला कालखंड बहुतेक तेजीचा. दुसऱ्यात पडझड आणि सावरणं एकत्र कालवलेलं. वळण नेमकं कधी आलं हे त्या दोन ठिपक्यांतून कधीच कळणार नाही. मॉडेल तिथे निदान दिशा दाखवतं, आणि ९० टक्के खात्रीची मर्यादा सोबत छापलेली असते.

प्रतिसाद १

छापलेली असते, पण एका वर्षापुरती. लागोपाठच्या वर्षांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे वर्गमूळाचं साधं सूत्र तिथे लावता येत नाही. दिशा दिसते म्हणता, तिची खात्री कशी करणार?

प्रतिसाद २

दोघांच्याही आधीची पायरी: वेगवेगळ्या वर्षांच्या तक्त्यांची जोडणी तपासा. साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली आणि आकडेवारीतला तिचा ओळख-कोड ४६११३ चा ४६१०२ झाला. कोडवर तक्ते जोडले तर मालिका तिथेच तुटते. कनेटिकटमध्ये २०२२ पासून आकडेवारीत काउंट्यांच्या जागी नियोजन प्रदेश आले.

शेजारच्या तीन काउंट्या एकत्र करून नमुना वाढवायचा असेल, तर मध्यकांची सरासरी काढू नका. एसीएसच्या तक्ता बी१९००१ मध्ये उत्पन्नाचे सोळा गट आहेत. प्रत्येक गटातल्या घरांची बेरीज करा, एकूण घरांचा निम्मा आकडा ज्या गटात पडतो तो शोधा आणि त्या गटाच्या आत अंतर्वेशन करा, म्हणजे तो निम्मा आकडा गटात किती आत पडतो त्या प्रमाणात उत्पन्न काढा. मी तरी हा मार्ग दोन्ही मालिकांआधी वापरेन. स्थानिकपणा थोडा कमी होतो, पण अधिक-उणे खरोखर आटोक्यात येतं. बीईए या अमेरिकी सरकारच्या आर्थिक आकडेवारी संस्थेचं दरडोई उत्पन्न मात्र यात मिसळू नका. ती सरासरी आहे, आणि तिच्या छेदात तुरुंगातले कैदीही मोजलेले असतात; एसीएसच्या घरांत ते नसतात. मोठा तुरुंग असलेल्या लहान काउंटीत एवढ्यानेच चित्र फिरतं.