आजोबांची १९७२ ची फियाट: ईकोचं इंजिन टाकू की ओरिजिनलच करू?

सहकारनगरकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा. आजोबांनी घेतलेली १९७२ ची फियाट ११०० आमच्या पार्किंगमध्ये सात वर्षं कव्हरखाली उभी आहे. दसऱ्याला हार घालायचा, सेल मारायचा, दोन-चारदा खोकून चालू झाली की सोसायटीला एक चक्कर आणि परत कव्हर, एवढाच तिचा संसार. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये आणि चार महिन्यांत पार्किंग रिकामं करायचंय, त्यामुळे इतकी वर्षं टाळलेला विषय घरात रोज रात्री जेवताना निघतोय.

रोग असा की सपाटीला गाडी बरी चालते पण चढ आला की उकळते. शेवटची मोठी ट्रिप कात्रज घाटाची, जुन्या बोगद्याच्या आधीच काटा लालमध्ये. बाबांनी पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, बिसलेरीच्या तीन बाटल्या रेडिएटरला पाजल्या आणि कशीबशी घरी आणली, तेव्हापासून ती उभीच.

मामेभाऊ म्हणतो मारुतीच्या ईको व्हॅनचं जुनं, २०२२ पर्यंत येणारं इंजिन टाक. ११९६ सीसी, ७३ बीएचपी, इंजेक्शन, पाच गिअर, आणि ईको पण मागच्या चाकावर चालते म्हणून इंजिन उभं (गाडीच्या लांबीत) बसतं, जमतं. एका गॅरेजने सगळं मिळून १ लाख ८० हजार सांगितलेत. दुसऱ्याने ओरिजिनल इंजिनचं पूर्ण काम ९० हजारांच्या पुढे सांगितलं, वर "पार्टची गॅरंटी नाही साहेब" हे ऐकवलं. बाबांचं म्हणणं एकच, स्टिअरिंगवरचा गिअर काढलास तर गाडी माझ्या दारात आणायची नाही.

मला काय हवंय तर रविवारी आई-बाबांना मागे बसवून खंबाटकी चढून वाईला जायचं, गणपती करायचा आणि त्याच दिवशी परत यायचं, बस्स. काय करू?

नानापेठेतला

आधी एक सांग, दोन्ही गॅरेजवाल्यांपैकी कोणी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते) मोजलं का? का नुसतं बॉनेट उघडून मान हलवली? कारण तू जे लिहिलंयस त्यात इंजिन गेलंय असं मला कुठेच दिसत नाहीये, गाडी गरम होते एवढंच दिसतंय आणि ते दोन वेगळे आजार आहेत. ताप आला म्हणून कोणी हृदय बदलत नाही.

१०८९ सीसीचं ते इंजिन साधंसुधं आहे, ब्लॉक (खालचा मुख्य भाग) बिडाचा आणि हेड (त्यावरचं झाकण) ॲल्युमिनियमचं. हेड गरम झालं की वाकतं, वाकलं की दोघांमधलं गॅस्केट (सील) फुंकतं, गॅस्केट फुंकलं की गाडी अजून गरम होते. कात्रजला काटा लालमध्ये गेल्यावर पण बाबांनी गाडी चालवली असेल (चालवली असणारच, त्या पिढीला काटा दिसतच नाही) तर हेड शंभर टक्के खोलून बघ.

टेस्ट घरी होते. गाडी थोडी गरम कर, चारही प्लग काढ, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेव, बॅटरी फुल चार्ज हवी, आणि एकेका सिलिंडरला गेज लावून सेल मार. चारही आकडे जवळजवळ आले पाहिजेत. एखादा कमी आला तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोज, आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ढिम्म हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदम कमी आले तर त्या दोघांच्या मधे गॅस्केट फुंकलंय, डोळे मिटून सांगतो.

आणि रेडिएटरमध्ये इतकी वर्षं कुठलं पाणी घालताय? सोसायटीच्या बोअरचं असेल तर तो आतून किटलीसारखा पांढरा झाला असणार. गाडी गरम असताना बंद करून रेडिएटरच्या कोअरवर (जाळीवर) सांभाळून हात फिरव, जिथे गार लागेल तिथे चोक आहे. खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घे. ब्लॉकच्या वॉटर जॅकेटमध्ये (पाणी फिरतं त्या पोकळीत) पण गाळ बसतो, तो साफ केल्याशिवाय नवीन इंजिनाएवढे पैसे घातलेस तरी खंबाटकीत परत बाटल्या लागतील.

पार्टचं म्हणशील तर हेच इंजिन प्रीमियर पद्मिनीत (तुझ्या फियाटचंच पुढचं नाव) २००० च्या आसपासपर्यंत येत होतं आणि मुंबईत टॅक्सीला घासत होतं, शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. इतका माल एका दिवसात संपत नाही. हेड गॅस्केट मला मागच्या दिवाळीत मिळालं. काचेचं बीडिंग आणि क्रोमचं सामान याला मात्र चपला झिजतील, ते कबूल.

एनईवाला

मी इंजिन बदललेला पापी आहे, तर माझं पण ऐका. पद्मिनीत प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं इंजिन टाकून अकरा वर्षं झाली. निसानचं ११७१ सीसी, ५२ बीएचपी, प्रीमियरचंच घरातलं लग्न म्हणा. रोज ऑफिसला नेतो, उन्हाळ्यात सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पण काटा हलत नाही, त्यामुळे स्वॅप म्हणजे गुन्हा वगैरे मी मानत नाही.

पण कोटेशनमध्ये जे लिहीत नाहीत ते सांगतो. गिअर जमिनीवर आला म्हणून टनेल (तळाच्या पत्र्याचा मधला उंचवटा) कापावा लागला, तो पत्रा परत तसा बसत नाही. प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा) लांबीला कापून वेल्ड केला, बॅलन्स नीट झाला नव्हता, ६० च्या पुढे सगळी गाडी भजन करायची, तीनदा काढला-घातला. इंजिन बसायचं फाउंडेशन नवीन, सायलेन्सरचा पाइप नवीन, क्लचची जोडणी नवीन. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ब्रेक! पुढे-मागे ड्रम आहेत ते ४० घोड्यांच्या हिशोबाचे. तू ७३ घालणार, मग थांबणार कशावर? शिवाय ईकोला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, टाकीतला हाय प्रेशर पंप हे सगळं आलं, १ लाख ८० चे अडीच कधी होतील कळणार नाही.

माझी गाडी आधीच सडलेली होती, ओरिजिनल इंजिनचा ब्लॉक फुटला होता, म्हणून मी केलं. तुझी चालू आहे. माझ्या जागी तू असतास तर वेगळं सांगितलं असतं.

कागदपत्रवाले काका

इंजिनवर सगळे बोलले, आरसी बुकावर कोणीच नाही. इंजिन नंबर तिथे लिहिलेला असतो. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ कंपनीच्या नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला मनाने करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. संगम पुलाजवळ आरटीओत जाऊन आधी लेखी विचारा, गॅरेजवाल्याच्या "आपलं होतं ओ तिथे" यावर जाऊ नका. नोंद नसलेलं इंजिन आणि त्यात अपघात झाला तर इन्शुरन्सवाला काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. जुलै २०२१ पासून ५० वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल नको. नवीन नोंदणीची फी २०,००० आणि मुदत १० वर्षं. ईको टाकलीत की हा दरवाजा बंद. पण घाई पण करू नका, कारण व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामालाच. तुमच्या वाईच्या गणपतीला साधी आरसीच बरी. ती रिन्यू आहे ना, हे आज बघा.

डुक्करफियाटप्रेमी

सात वर्षं उभी म्हणजे टाकीत गंज असणारच, आधी ती उतरव. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम त्याने फुगतात. इथेनॉलला चालणारे पाइप टाक, गरम बॉनेटखाली पेट्रोल गळलं तर इंजिन कुठलं होतं हा प्रश्नच उरणार नाही.

बाकी विकायची झाली तर मला पहिला फोन.

सहकारनगरकर

विकायची नाहीये दादा 😀

तर अपडेट. गेज मिळालं, काल संध्याकाळी टेस्ट केली, बाबा सेल मारायला आणि मी वहीवर लिहायला. पहिला १३०, दुसरा ७५, तिसरा ७०, चौथा १२५. दोन्हीत ऑइल टाकून परत मोजलं, काही फरक नाही. आणि हो, पाणी बोअरचंच. कॅप काढून आत बोट घातलं तर चुन्याची कणी हाताला आली. आरसी २०२४ ला संपलीये, ते पण निघालं.

नानापेठेतला

दोन आणि तीनच्या मधे गॅस्केट, झालं. हेड उतरव आणि पट्टी लावून किती वाकलंय ते बघ. फेसिंगला (घासून सपाट करायला) देशील तेव्हा सांग कमीत कमी घे, जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढून इंजिन आतून ठोके मारायला लागेल. नट बाहेरून आत असे थोडेथोडे सैल कर, आणि पूर्ण गार असतानाच. व्हॉल्व्ह लॅपिंग (घासून नीट बसवणं) त्याच वेळेला उरकून घे. ९० हजार वगैरे विसर सध्या.

सहकारनगरकर

हेड लेथवाल्याकडे गेलं. मी नेणार होतो पण बाबा सकाळीच पिशवीत घालून रिक्षाने घेऊन गेले आणि दुपारपर्यंत तिथेच स्टुलावर बसून होते. किती घासलं विचारलं तर म्हणाले तुला काय कळतंय त्यातलं. मामेभाऊ दोन दिवस फोन उचलत नाहीये.

आता खरी अडचण, बॉनेट उघडं आहे आणि खालून बिल्डरचा माणूस रोज चक्कर मारतोय. धायरी-नऱ्हे साइडला कोणाच्या शेडमध्ये तीन-चार महिने एक गाडी मावेल का? भाडं देईन, गाडी ढकलत आणावी लागेल.