जुन्या बोलेरो पिकअपमागे ट्रेलर लावून टाटा ४०७ (छोटा ट्रक) भिलारहून तासगावला आणायची आहे, सल्ला हवा

द्राक्षबाग_तासगाव:
नमस्कार मंडळी. पाचगणीजवळ भिलारला मामेसासऱ्यांची टाटा ४०७ दोन वर्षं शेडात उभी होती, ती मी घेतली. २०११ चं मॉडेल. क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) गेलाय, इंजिन खोलून सगळे भाग पोत्यात भरून हौद्यात ठेवलेत. पासिंग मार्चपर्यंत आहे, विमा चालू आहे. दुसरं इंजिन कुपवाडहून घेऊन घरी आणून ठेवलंय, बसवणारा मिस्त्री आमच्याच गावचा.
माझ्याकडं २००९ ची बोलेरो पिकअप आहे. शेजाऱ्यांचा चार चाकी लोखंडी ट्रेलर मिळतोय, त्यावर ते लहान ट्रॅक्टर नेतात. त्याला ब्रेक नाहीत. पसरणी घाट उतरून वाई, पाचवड, सातारा, कराड, पलूस, तासगाव असा बेत आहे. खर्च १० हजारांच्या आत बसवायचाय. हुक कसला लावू, गाडी बांधू कशी, घाटात काय सांभाळू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

ऊसगाडी_इस्लामपूर:
काय अवघड नाही. आम्ही दर हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस ओढतो, तुमची ४०७ त्यापुढं काहीच नाही. बोलेरो दणकट गाडी आहे. माझ्या २००७ च्या बोलेरोनं एकदा चिखलात रुतलेला टेम्पो काढला होता. बिनधास्त आणा.

पाटे_ॲक्सल_विटा:
ऊसवाले भाऊ, ट्रॅक्टर कुठल्या वेगानं जातो ते बघा, आणि त्यानं पसरणी घाट उतरायचा नाहीये. चिखलातनं काढणं वेगळं, १०० किलोमीटरच्या वर ओढत नेणं वेगळं.
तासगावकर, आधी वजनं मांडा. ४०७ हौद्यासकट अडीच टनांच्या आसपास धरा, ट्रेलर पाऊण टन तरी असणार. म्हणजे मागं सव्वातीन टन आणि पुढं तुमची पावणेदोन टनांच्या आतली बोलेरो. मागचं ओझं ओढणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. चढ ती पहिल्या गिअरात चढेलही. पण उतारावर पाच टन थांबवायचे ते बोलेरोच्या चार चाकांनी, कारण ट्रेलरला ब्रेकच नाहीत. मी ३० वर्षं गॅरेज चालवतोय, तुमच्या या बेताला मी हो म्हणणार नाही.

कोरेगावकर_७७:
जुन्या गाडीचा नाद सोडा. मी गेल्या वर्षी नवी पिकअप घेतली, पॉवर स्टेअरिंग, एसी, सगळं आहे. तुमची बोलेरो आणि ती ४०७ दोन्ही विकून नवी घ्या, हप्ता जड जात नाही.

घाटपायथा_वाई:
आमचं घर घाट संपतो तिथंच रस्त्याला लागून आहे. सुट्टीच्या दिवशी उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचा करपट वास अंगणात येतो. मागच्या मे महिन्यात एक भरलेला छोटा टेम्पो दारात थांबला, चाकातनं धूर येत होता. ड्रायव्हर पोरगा २२-२३ वर्षांचा, पाणी ओतायला निघाला, माझ्या सासऱ्यांनी हात धरून थांबवलं. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं की तडा जातो. अर्धा तास बसवून ठेवला त्याला. पेडल पार तळाला जात होतं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं होतं. दादा, छोट्या टेम्पोची ही गत होते. तुम्ही पाच टन घेऊन उतरू नका.

मिरज_जंक्शन:
ट्रेलर कशाला? दोर लावून ओढत आणा, स्टेअरिंगवर एक माणूस बसवा. आमच्याकडं सगळे असंच आणतात.

पाटे_ॲक्सल_विटा:
अजिबात नाही. ४०७ च्या ब्रेकला व्हॅक्यूमची, म्हणजे इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या हवेच्या ओढीची मदत लागते. इंजिन बंद असलं की दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ते दगडासारखं होतं. इथं तर इंजिनच खोललंय. शिवाय नियमानं असं ओढताना वेग ताशी २५ च्या आत आणि दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, तेही जवळच्या गॅरेजपर्यंत. तासगाव जवळचं गॅरेज नव्हे.

उंब्रज_शेतकरी:
मी स्वतः केलंय म्हणून लिहितो. २०१८ साली जुना ट्रॅक्टर ट्रेलरवर घालून पिकअपनं कराडकडं निघालो होतो. ट्रॅक्टर तोंड पुढं करून चढवला होता, त्याची जड मागची चाकं ट्रेलरच्या मागच्या टोकाला आली. ताशी ५०-५५ ला उंब्रजच्या अलीकडं उतार लागला आणि शेपटी डोलायला लागली. आधी थोडी, मग आरशात ट्रेलर एकदा डावीकडं दिसायचा, एकदा उजवीकडं. पिकअपचं मागचं टोक उचलल्यासारखं झालं, स्टेअरिंग हातात राहिना. मी घाबरून ब्रेक मारला, तिथंच चुकलो. ट्रेलर आडवा होऊन दुभाजकाला घासला. माणूस वाचला, ट्रॅक्टरचं बॉनेट गेलं.
नंतर कळलं की ट्रेलरच्या एकूण वजनातलं दहा-पंधरा टक्के वजन हुकावर यायला पाहिजे. कमी आलं की शेपटी हलते, फार जास्त आलं की ओढणाऱ्या गाडीची पुढची चाकं हलकी होतात. आणि डोलायला लागलं तर ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, ब्रेक मारायचा नाही.

ऊसगाडी_इस्लामपूर:
म्हणूनच ४०७ तोंड पुढं करून चढवायची, वजन पुढं येतं. मी म्हणत होतो की करता येतं.

उंब्रज_शेतकरी:
४०७ चं वजन पुढं असतं ते इंजिन आणि केबिनमुळं. त्यांचं इंजिन खोलून हौद्यात पडलंय. म्हणजे पुढचं वजन उतरलं आणि मागं गेलं. पोती केबिनमध्ये पायापाशी ठेवली तरी पूर्वीचा तोल येणार नाही.

कायदा_कट्टा_सातारा:
ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आहे का? नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. क्षमतेपेक्षा जास्त वजन सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार दंड, वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, आणि जादा माल तिथंच उतरवावा लागतो. तुमचं बजेटच १० हजार आहे.

कोरेगावकर_७७:
दंडाचं सोडा, ओळख असली की सुटतं.

घाटपायथा_वाई:
ओळखीनं ब्रेक लागत नाहीत हो.

रिकामी_परत_कराड:
एवढी चर्चा झाली, सरळ मार्ग कुणी सांगितला नाही. शिरवळ, वाई एमआयडीसीत माल उतरवून दहा चाकी गाड्या रिकाम्या सांगली-कोल्हापूरकडं येतात. त्यातली एक ठरवा, मोठा हौदा, फाळका उघडणारा. मी गेल्या साली मळणी यंत्र असंच आणलं. प्रश्न चढवण्याचा. हायड्रा (क्रेन) बोलावला तर घाट चढून यायचं भाडं घेईल. भिलारला उंच बांध किंवा धक्का बघा, ट्रकची मागची बाजू त्याला टेकवा आणि ४०७ ढकलत आत घ्या. उतरवताना गावात बांध शोधा.
बांधताना पट्टे ४०७ च्या हौद्याला घालून भागत नाही. गाडी आपल्या पाट्यांवर (स्प्रिंगवर) उसळते आणि पट्टे सैल पडतात. ॲक्सलला साखळी, चारी कोपऱ्यांना, पुढं ओढणाऱ्या दोन आणि मागं ओढणाऱ्या दोन. चाकं घरंगळू नयेत म्हणून लाकडी उट्या. इंजिन नाही म्हणजे गिअर टाकून गाडी धरणार नाही, आणि दोन वर्षं उभ्या गाडीच्या हँडब्रेकवर भरवसा नको. पहिल्या १०-१५ किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा आवळा. खर्च १० च्या थोडा वर जाईल, पण झोप लागेल.

पाटे_ॲक्सल_विटा:
हे बरोबर. मी पण हेच सांगणार होतो.

मिरज_जंक्शन:
मी अजून म्हणतो, दोर.

द्राक्षबाग_तासगाव:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरी बसून सगळं परत वाचलं. उंब्रजच्या दादांचा इंजिनाचा मुद्दा वाचताना एकदम लक्षात आलं. ४०७ खाली का आणतोय? तर इंजिन बसवायला. इंजिन घरी आहे आणि ते बोलेरोच्या हौद्यात आरामात बसतं. मग इंजिनच वर नेतो. मिस्त्री दोन दिवस यायला तयार आहे, मामेसासरे शेड आणि जेवणाखाण्याचं बघतात, इंजिन उचलायला चेन ब्लॉक तिथंच मिळतोय. ट्रेलर नको, दहा चाकीही नको. ४०७ स्वतःच्या चाकांवर येईल.

रिकामी_परत_कराड:
मला पटलं नाही. दोन वर्षं उभी गाडी, इंजिन बसवून पहिलाच प्रवास घाट उतरायचा? दहा चाकीच करा.

पाटे_ॲक्सल_विटा:
करणारच असाल तर इंजिनच्या आधी ब्रेक खोला. चारी चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या, ऑइल सगळं नवं. उभ्या गाडीत ऑइल ओल धरतं, तेच उतारावर आधी उकळतं. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी भरलेली दिसली तरी जुने टायर घेऊन उतरू नका. पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा, पेडल किंचित खाली गेलं पाहिजे, नाही गेलं तर व्हॅक्यूम येत नाही. रिकामी उतरवा, दुसऱ्या गिअरात.

कायदा_कट्टा_सातारा:
नव्या इंजिनचा नंबर आरटीओत नोंदवून घ्या, मूळ बिल जपून ठेवा. नाहीतर मार्चच्या पासिंगला अडकाल.

द्राक्षबाग_तासगाव:
बिल आहे, नोंदीचं आधी विचारून घेतो. टायर २०१४ चे निघाले, मामेसासऱ्यांनी फोटो पाठवला. सगळे बदलतो, म्हणजे १० हजार गेलेच. गुरुवारी वर जातो, शनिवारी सकाळी रहदारी वाढायच्या आत उतरतो.

घाटपायथा_वाई:
शनिवारी आम्ही घरीच आहोत. घाट संपला की डाव्या हाताला चिंचेचं झाड आहे, तिथं गाडी लावा. ड्रम गार होईस्तोवर चहा घ्या.