मदत हवी आहे: बहिणीचा त्रास परत परत उलटतोय, नवरा तपासणीला येत नाही

बीडकडची माझी मावसबहीण, वय २८, दसऱ्यानंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते. उचल (कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) कोयत्यावर म्हणजे दोघांच्या जोडीवर घेतलेली, त्यामुळे वेगळं होणं शक्य नाही आणि कंडोमचं नाव काढलं की हा म्हणतो संशय घेतेस का. तिला पांढरं जातंय, खाज, गोळ्या खाल्ल्या की थांबतं आणि परत सुरू. खाजगीतल्या डॉक्टरने तर सरळ पिशवी काढा सांगितलं! सरकारी दवाखान्यात गुप्तरोग, एचआयव्ही तपासणी फुकट असते, १०९७ हेल्पलाईन आहे हे माहितीये, पण नवऱ्याने औषध घेतलंच नाही तर हिला परत होणारच ना? अशा माणसाला तयार कसं केलं कुणी? आणि उसाच्या फडावर गेल्यावर तिकडे उपचार कुठे चालू ठेवायचे? 'सोडून दे त्याला' एवढं सांगू नका प्लीज, उचल कोण फेडणार.