आइसलँडला हिवाळ्यात छोट्या ग्रुपच्या टूरनेच फिरा, गाडीचा हट्ट नको

रानवाट:
ओळखीत हल्ली बऱ्याच जणांचं आइसलँडचं चाललंय आणि जो तो एकच म्हणतो, केफ्लाविक विमानतळावर उतरायचं, गाडी उचलायची आणि देशाला वळसा घालणारा रिंग रोड मारायचा, टूरवाल्यांच्या मागे कशाला फिरायचं. जून-जुलैत जाणार असाल तर खुशाल जा. पण नॉर्दर्न लाइट्ससाठी लोक डिसेंबर ते मार्चमध्ये जातात, आणि तेव्हा भारतातून आलेल्या माणसाने तिथे स्टिअरिंग हातात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मी फेब्रुवारीत आईला घेऊन गेले होते. मुक्काम राजधानी रेक्याविकला आणि तिथूनच रोज स्थानिक मिनीबसच्या टूर, पंधरा-सोळा माणसं, ड्रायव्हर हाच गाइड. साउथ कोस्टच्या दिवशी निघताना आभाळ निरभ्र होतं. सेल्यालांड्सफॉस धबधबा सोडल्यावर असा वारा सुटला की रस्त्यावरचा बर्फ आडवा उडायला लागला आणि कडेचे पिवळे खांबसुद्धा दिसेनात. ड्रायव्हरने शांतपणे एका पेट्रोल पंपावर गाडी घेतली, फोनवर रस्त्यांची आणि वाऱ्याची माहिती बघत बसला, बराच वेळ थांबला आणि मगच निघाला. भाड्याच्या गाडीत मी असते तर मला एवढंच दिसलं असतं की आज स्कोगाफॉस धबधबा बघायचाय आणि अंधार पडत चाललाय.

आणि रेनिसफ्यारा. काळ्या वाळूचा किनारा, बेसॉल्टचे खांब, फोटोत फार सुंदर दिसतं, पण तिथे लाटा अचानक खूप आतपर्यंत येतात आणि माणसं ओढली जाऊन गेलेली आहेत. पार्किंगजवळ धोक्याचे रंगीत दिवे लावलेत, तरी लोक पाण्याकडे पाठ करून सेल्फी काढत होते. आमच्या गाइडने बसमधून उतरायच्या आधीच, इथपर्यंतच यायचं, असं लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं आणि स्वतः सगळ्यांच्या पुढे, पाण्याच्या बाजूला उभा राहिला.

चाकावर:
ताई, तुमचा अनुभव खरा आहे पण त्यावरून सगळ्यांना गाडी घेऊ नका सांगणं मला पटत नाही. मी नेदरलँड्समध्ये राहतो, उजव्या बाजूने चालवायची सवय आहे, आइसलँड हिवाळ्यातही केलंय. नियम पाळले तर जमतं. तिथल्या भाड्याच्या गाड्यांना हिवाळ्यात बर्फाचे टायर असतात, रस्ते बंद आहेत की चालू ते सरकारी साइटवर दिसतं, वाऱ्याचा इशारा वेगळा येतो. ज्या दिवशी इशारा असेल त्या दिवशी हॉटेलात बसायचं, एवढा संयम हवा.

टूरमध्ये काय होतं बघा. रेक्याविकहून सगळ्या बस सकाळी साधारण एकाच वेळी निघतात, त्यामुळे छोटा ग्रुप म्हणून पैसे जास्त दिले तरी थिंगवेल्लिरला, गेसिरच्या गरम पाण्याच्या कारंज्यांना, गुल्लफॉस धबधब्याला तुम्ही मोठ्या बसच्या गर्दीतच पोहोचता. थिंगवेल्लिर म्हणजे इ.स. ९३० मध्ये जिथे आइसलँडची संसद भरायला लागली ती जागा, दोन भूपट्ट एकमेकांपासून लांब जाताना पडलेल्या भेगेतून तुम्ही चालताय, आणि गाइड घड्याळ बघतोय! मला तिथे अर्धा दिवस घालवायचा होता आणि मी घालवला. गेसिरचं स्ट्रोक्कुर कारंजं दर पाच-दहा मिनिटांनी उडतं, मी गर्दी ओसरेपर्यंत थांबलो आणि शेवटी आम्ही फक्त चार-पाच माणसं होतो. हे सुख टूरमध्ये नाही.

सोनचाफा:
@चाकावर, तुम्ही युरोपात रोज उजवीकडून चालवता, इथेच तर फरक आहे ना. माझा भाऊ ठाण्याहून गेला, आयुष्यभर डावीकडून चालवलेला माणूस. तिथल्या दुपदरी गोल चौकात बाहेर पडताना आतल्या लेनवाल्याचा हक्क आधी असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात एकेरी पूल. रिंग रोड १३०० किलोमीटरच्या वर आहे आणि आग्नेय भागात अजूनही असे पूल आहेत जिथे एका वेळी एकच गाडी जाते, जो पुलाजवळ आधी पोहोचला तो आधी. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटनहून आलेल्या पर्यटकांची गाडी अशाच एका पुलाचा कठडा तोडून खाली गेली आणि तिघे दगावले, त्यात एक तान्हं बाळ होतं. तेव्हापासून कुणी आइसलँड म्हटलं की मला आधी तेच आठवतं.

हिमकण:
सुरक्षिततेवरच बोलताय तर दुसरी बाजूही घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेदामेर्कुर हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक गेला, तो टूरमध्येच होता, गाइड बरोबर होते. हिमगुहा हिवाळ्यात बघायची गोष्ट आहे, उन्हाळ्यात बर्फ वितळतो आणि छत कमकुवत होतं, हे तिथल्या जाणकारांना माहीत नव्हतं असं नाही. तरी टूर विकल्या जात होत्या, कारण मागणी होती. गाइड आहे म्हणजे आपण डोकं बाजूला ठेवायचं असं होत नाही, उलट ग्रुपमध्ये माणूस जास्त बेफिकीर होतो, सगळे जातायत तर मीही जातो.

आणि "छोटा ग्रुप" हे काही कायद्याने ठरलेलं नाही. कुणी आठ जणांना म्हणतं, कुणी एकोणीस सीटच्या गाडीला म्हणतं. त्या दुर्घटनेतला ग्रुपसुद्धा वीसच्या वर होता.

रानवाट:
@हिमकण, हे पटलं, आणि बुक करतानाच नेमकी किती सीट ते विचारायलाच हवं. पण हिमनदीवर गाइडशिवाय जाणं हा पर्यायच नाही. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखालचे बर्फाचे खिळे, कसे बांधायचे, भेग कुठे आहे, पाय कुठे ठेवायचा, हे आपल्याला येत नाही. म्हणजे गाडी स्वतःची घेतली तरी त्या दिवशी टूर घ्यावीच लागते. मग वाद फक्त रस्त्याचा उरतो, आणि तिथे मी मागे हटणार नाही. डिसेंबरच्या शेवटी रेक्याविकला जेमतेम चार तास उजेड असतो. जाऊन-येऊन बहुतेक ड्रायव्हिंग अंधारात, अनोळखी रस्त्यावर, बर्फावर. दिवसभर त्या ताणात राहिलेला माणूस धबधबा कसला बघणार, बाजूला बसलेली बायको नकाशा बघून घाबरलेली आणि मागे मुलं.

@चाकावर, गर्दीचं म्हणाल तर आमच्या गाइडने सेल्यालांड्सफॉसपासून थोडं पुढे पायी ग्ल्युफ्राबुईला नेलं, कड्याच्या चिरेत लपलेला धबधबा आहे, मोठ्या बसची बरीच माणसं तिकडे फिरकतही नाहीत. आई ओढ्यातल्या दगडांवरून त्याचा हात धरून आत गेली. ती सत्तरीची आहे. माझ्या भरवशावर ती गेली नसती.

उत्तरा_के:
एकट्या बाईच्या बाजूने लिहिते. मी एकटीच गेले होते, मार्चमध्ये. गाडी एकटीने घेतली तर भाडं, पेट्रोल, विमा, पार्किंग सगळं एकावर, त्यापेक्षा टूर स्वस्त पडते. आणि गाडीच्या विम्यात वाळू-राखेचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, वाऱ्याने दार उलटं फिरून मोडलं तर तो खर्च बहुतेक वेळा आपल्यावरच येतो, हे किती जणांना माहीत असतं? रात्री लाइट्स शोधायला अंधारात एकटीने जायची तर माझी तयारीच नव्हती. टूरवाल्यांनी पहिल्या रात्री काही दिसलं नाही म्हणून दुसऱ्या रात्री फुकट नेलं, बऱ्याच कंपन्या नेतात. तेव्हा दिसल्या, हिरव्या, मग कडेला गुलाबी, आणि शेजारची कोरियन मुलगी आणि मी एकमेकींचे हात धरून उभ्या होतो, ओळख दोन तासांची.

खाण्याचं मात्र बघा. शाकाहारी असाल तर वाटेतल्या थांब्यांवर सूप-ब्रेडच्या पलीकडे फार मिळत नाही आणि महाग खूप, आदल्या दिवशी बोनुस सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, स्किर (तिथलं घट्ट दही) घेऊन ठेवा.

चाकावर:
एकटं जाणाऱ्यासाठी टूर, मान्य. पण चौघांचं कुटुंब असेल तर हिशोब उलटा होतो, रोज चार तिकिटं पडतात. आणि योकुलसारलॉन हे हिमनगांचं सरोवर रेक्याविकहून ३७० किलोमीटरच्या आसपास आहे, एका दिवसात नेऊन आणणाऱ्या टूरमध्ये चौदा-पंधरा तास जातात, त्यातला बहुतेक वेळ सीटवर. आपली गाडी असेल तर वाटेत विक या गावात मुक्काम करता येतो. लहान मुलांना पंधरा तास बसवून ठेवण्यापेक्षा ते बरं.

पाऊलखुणा:
आम्ही लंडनला असतो, ईस्टरच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जायचा विचार आहे. आम्ही दोघं, मुलगा नऊ वर्षांचा. गाडी डावीकडून चालवतो. काय करावं?

चाकावर:
गाडी घ्या, पण विकच्या पुढे जाऊ नका, फोर बाय फोर घ्या आणि एक दिवस मोकळा ठेवा. एप्रिलला उजेड तेरा तासांच्या वर असतो.

रानवाट:
उजेड असतो, पण बर्फ आणि वारा एप्रिलमध्येही येतो. गोल्डन सर्कलला (थिंगवेल्लिर, गेसिर, गुल्लफॉस) हवं तर गाडी घ्या, तेही सकाळी वाऱ्याचा इशारा बघून. साउथ कोस्ट आणि हिमनदी मात्र टूरनेच करा, मुलाचं वय बुक करतानाच सांगा कारण हिमनदीवरच्या टूरना वयाची अट असते. आणि गाडीचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.