मदत हवी आहे: मॉरिस मायनर १००० च्या पुढच्या डाव्या चाकाला प्ले (ढिलेपणा)

नमस्कार मंडळी,

मी ऑक्सफर्डला राहतो. या गाड्या जिथे बनायच्या ते काउली इथून जवळच. गेल्या महिन्यात १९६१ ची चार दारांची मायनर १००० घेतली, ९४८ सीसी. इंजिन सुरेख चालतंय. घोर लागलाय तो पुढच्या डाव्या चाकाचा.

डावी बाजू उजवीपेक्षा इंचभर खाली बसलीय. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं की टक् टक् आवाज येतो. खालच्या ट्रनियनचा (चाकाजवळच्या आट्यांच्या सांध्याचा) ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, शोधलं, तर त्याच्यावर रंगाचा जाड थर. म्हणजे तिथे कित्येक वर्षांत ग्रीसगन लागलेलीच नाही.

या गाडीत शॉकॲब्सॉर्बरचा हात हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा, आणि गाडीचा भार टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईवर. मधल्या किंगपिनचे (ज्यावर चाक वळतं त्या उभ्या खिळ्याचे) आटे ट्रनियनमध्ये फिरतात. ग्रीस नसेल तर ते झिजत जातात आणि एक दिवस किंगपिन सुटून चाक गाडीखाली दुमडतं. त्यातून गाडी चाळीस वर्षांवरची, म्हणजे इथे वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. आपण नाही बघितलं तर कोण बघणार? तूर्त गाडी रस्त्यावर काढणं बंद केलंय.

एका गॅरेजवाल्याने सगळं पुढचं सस्पेन्शन काढून आधुनिक बसवा असं सांगितलं. ते मला नको आहे. टॉर्शन बार, रॅक आणि पिनियनचं स्टेअरिंग, छोटी चौदा इंची चाकं, हे सगळं या गाडीचा रचनाकार इसिगोनिसने १९४८ मध्ये साध्या घरगुती गाडीत दिलं. उत्पादनाच्या तोंडावर गाडी अरुंद वाटली, तर नमुना मधोमध उभा कापून चार इंच रुंद केला. बॉनेटवरची मधली सपाट पट्टी ही त्याचीच खूण. माझी लेक रोज शाळेतून आली की त्या पट्टीवरून बोट फिरवते. तिला मागे बसवून निर्धास्त चालवता यावी, एवढंच हवंय.

तर विचारायचंय ते असं. किंगपिन आणि ट्रनियन दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत का? उजवीकडे प्ले जाणवत नाही. टॉर्शन बारचा ताण सुरक्षितपणे उतरवायचा कसा, जॅक नेमका कुठे लावायचा? आणि उंची आधी दुरुस्त करायची की नवे भाग बसवून, गाडी थोडी चालवून मग? जुने बार डावी-उजवी अदलाबदल करू नयेत एवढं माहीत आहे.

ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. शनिवार-रविवार दोन्ही दिवस मोकळे ठेवलेत.