मावा नंतर, आधी पेव्हर ब्लॉक बघा
वर तुम्ही लिहिलंय की सोसायटीत पेव्हर ब्लॉक बसवल्यापासून लिंबाची पानं पिवळी पडली आणि आता कोवळ्या शेंड्यांवर मावा (पानांतला रस शोषणारे बारीक किडे) आलाय, तर माझ्या मते आधी बुंध्याभोवतीचे ब्लॉक निदान दोन-अडीच फूट तरी काढायला लावा, मुळांना पाणीच मिळत नसेल तर वर कितीही फवारा, काय उपयोग. आमच्याकडे घोडबंदरला सेम झालं होतं. मी घाईत युरिया टाकला आणि तिथेच फसलो, भसाभस कोवळी पालवी फुटली आणि माव्याची मेजवानीच झाली, पानं द्रोणासारखी वळलेली, खाली लावलेल्या स्कूटरची सीट चिकट आणि खालच्या पानांवर काळी काजळी.

मग रोज सकाळी पाइपने पानांच्या खालच्या बाजूने जोरात पाणी मारलं, चार-पाच दिवसांत बराचसा मावा धुवून गेला. उरलेल्यावर नीम ऑइल, लिटरला ५ मिली, आधी थोड्या लिक्विड सोपमध्ये घोटून घ्या नाहीतर तेल वरच तरंगतं, आणि उन्हं उतरल्यावरच मारा. आठवड्याने परत. कपड्यांची पावडर मात्र नको, पानं करपतात.

मुंग्यांकडे पण बघा, माव्यातून गळणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याला सांभाळतात आणि मावा खाणाऱ्या लेडीबर्डना (ते ठिपकेवाले छोटे भुंगे) हाकलतात, बुंध्याला कागद गुंडाळून त्यावर व्हॅसलीन फासलं की चढत नाहीत. आणि ते काळे-केशरी, बारक्या मगरीसारखे किडे दिसले तर मारू नका हां, त्या लेडीबर्डच्याच अळ्या, दिवसभर मावा खातात. मी पहिल्यांदा चिमट्याने वेचून वेचून टाकल्या होत्या!